भाऊंच्या हजेरीबुकातला शेरा

"भाऊ गेले." एवढाच निरोप सकाळी आमच्या दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, आणि त्याखाली आमच्या शेठनी लगोलग विचारलं, "कुठल्या कंपनीत?"

हे मी शेठना विचारून लिहिते आहे. ते म्हणाले, "लिही, पण हेही लिही की कळल्यावर मी गाडी बाजूला घेऊन रडलो." लिहिलं. आणि खरं सांगायचं तर त्यांची चूक नव्हती. महाडला आमचं टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सर विकायचं मोठं दुकान आणि पोलादपूरला त्याची छोटी शाखा. या धंद्यात दर दोन-तीन महिन्यांनी एखादा सेल्समन 'जातो'. कारखान्यात जातो, कुरिअरला जातो, मुंबईला जातो. त्यामुळे 'गेले' वाचल्यावर शेठच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. त्यात भाऊ म्हणजे सखाराम उतेकर, पोलादपूरच्या शाखेचे मॅनेजर, विक्रेते, झाडूवाले आणि पहारेकरी, सगळं एकटेच. वय साठीच्या पुढे. या वयात त्यांना कुणी पळवलं, याचाच शेठना राग आला असणार.

सावित्री नदीच्या काठावर, स्मशानात आम्ही सगळे जमलो तेव्हा शेठ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ही एवढी पोरं कुणाची गं? उतेकरांना तर मूलबाळ नाही." खरंच, पोरं खूप होती. कारखान्यांच्या निळ्या, राखाडी गणवेशातली, पाळी अर्धी सोडून आलेली. एकाच्या पाठीला कुरिअरची पिशवी तशीच होती. एक जण खाजगी बँकेचा टाय लावून चिखलात उभा होता. मी शेठना म्हटलं, "शेठ, आपलीच आहेत. सोडून गेलेली." मी सवयीने मोजायला लागले आणि मध्येच थांबले... कारण या पोरांना मोजण्यात मी एकदा सपशेल तोंडावर पडले होते, आणि त्यात भाऊंचं दुकान जाता जाता राहिलं होतं. तीच गोष्ट सांगायची आहे.

आमच्या घराण्यात बी.कॉम. झालेली मी पहिली. पहिली मुलगी नव्हे, पहिलं माणूस. शिवथरच्या खोऱ्यात आमची वाडी. वडील बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहून कारखान्यात हेल्परचं काम करायचे. माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी गेटवरच्या वॉचमनला पेढा दिला. वॉचमनने विचारलं, "किती टक्के?" वडील म्हणाले, "सगळे." अशा बापाची मुलगी असल्यावर अंगात थोडी मिजास असते, ती माझ्याही होती. बी.कॉम.वर मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि महाडच्या दुकानात ऑफिस सांभाळायला लागले.

त्याच सुमारास शेठ फ्रीजच्या कंपनीच्या शिबिराला पुण्याला एका हॉटेलात जाऊन आले. गेले तेव्हा त्यांना धंदा तोंडपाठ होता. आले तेव्हा ते 'डेटा' म्हणायला लागले होते. चहा गार आला तरी "याचा डेटा काढ" म्हणायचे. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "मला दोन गोष्टी काढून दे. माणसं का टिकत नाहीत, आणि माल कुठे विकला जात नाही. दोन्ही दुकानांचा. मनाने काही लिहायचं नाही, कागद बोलला पाहिजे." मला तर हेच हवं होतं. महाडची माहिती कॉम्प्युटरवर होती. पोलादपूरची भाऊंच्या हजेरीबुकात होती, म्हणून मी एस.टी.ने पोलादपूरला गेले.

दुकान स्टँडजवळच. आत गेले तर पांढरा हाफ शर्ट घातलेले भाऊ टीव्हीच्या पडद्यावरची धूळ बनियनच्या तुकड्याने पुसत होते. मागे वळून न बघताच म्हणाले, "तूच का गो ती बीकॉम?"

"हो."

"बस. शेठनी फोन केला व्हता. चाय घेशील ना? का शिकलेली मानसं काय दुसरं घेतात?"

तेव्हापासून शेवटपर्यंत मी त्यांची 'बीकॉम'च राहिले. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

हजेरीबुक जाडजूड, लाल कापडाच्या पाठीचं. नाव, गाव, कामाला लागल्याची तारीख, आणि शेवटी 'शेरा'. अक्षर मोत्यासारखं. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक सगळ्या नावांपुढे दोनच शब्द होते : 'येतो म्हणाला'. माझ्या कॉम्प्युटरमध्ये मात्र दोनच पर्याय : 'कामावर' आणि 'काम सोडले'. आता जो येतो म्हणाला, त्याने सोडलं कसं? मी सगळ्यांना 'कामावर, रजा' असं टाकलं. बसच्या गडबडीत भाऊंना विचारलंही नाही. पगार दोघांचाच निघत होता आणि यादीत माणसं पस्तीसच्या वर, हे मला दिसायला हवं होतं. पण पगाराची फाइल वेगळी होती, आणि मी त्या वेळी ग्राफला रंग देण्यात गुंतले होते.

रिपोर्ट देखणा झाला. त्याचं सार असं की महाडच्या दुकानातून माणसं भराभर सोडून जातात, पण पोलादपूरच्या शाखेतून आजवर एकही माणूस गेलेला नाही. शेठ खूश. त्यांनी तो कंपनीच्या बैठकीत वाचून दाखवला. तिथे त्यांना काचेचं सन्मानचिन्ह मिळालं. आणि असा चमत्कार होतो तरी कसा, हे बघायला कंपनीचा एक साहेब पुण्याहून थेट पोलादपूरला आला. मी आणि शेठ बरोबर होतो. दुकानात भाऊ, आणि सोमवारीच कामाला लागलेला एक नवा सेल्समन.

साहेबाने विचारलं, "बाकीचा स्टाफ?"

भाऊ म्हणाले, "येतो म्हणालेत."

"केव्हा येणार?"

"ते नाय म्हणाले."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं, शेठनी माझ्याकडे पाहिलं, मी वॉशिंग मशीनच्या आत पाहिलं. सन्मानचिन्ह परत मागितलं नाही एवढंच. पण शेठनी ते काउंटरवरून उचलून कपाटात ठेवलं, आणि ते कुठल्या कपाटात आहे हे मला दिसेल अशा बेताने ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत एकटी पोलादपूरला गेले. "भाऊ, माणूस नोकरी सोडून गेला की 'गेला' असं लिहायचं असतं! सरळ शब्द आहे."

भाऊंनी चष्मा काढला. "जित्या मानसाच्या नावापुढं 'गेला' लिहू? त्याची आय वाचंल तर?"

"त्याची आई कशाला हजेरीबुक वाचेल?"

"वाचंल नायतर नाय वाचंल. तू घरातना निघताना आयशीला काय सांगतंस? जाते?"

"येते म्हणते."

"मग? तुज्या आयशीनं लिवलंय का कुठं, का पोरगी घरात बसून हाय?"

मीही त्याच मातीतली. घरातून निघताना 'जाते' शब्द तोंडातून निघाला तर आई अजून मला परत आत बोलावून पाटावर बसवते. पण कॉम्प्युटरसमोर बसले की मला वाटायचं, आपण आता दुसरीकडचे झालो. तो दोष कॉम्प्युटरचा नव्हता.

तोंडावर पडलेल्या माणसाला पुन्हा उभं राहायची घाई असते. मी नवा रिपोर्ट केला. 'येतो म्हणाला' म्हणजे सोडून गेला, असं धरून सगळं पुन्हा मांडलं. आता चित्र बरोब्बर उलटं आलं. माणसं टिकण्यात पोलादपूर सगळ्यात खाली. विक्रीतही खाली. फ्रीज तर महिनोन्‌महिने जात नव्हते, जायचे ते मिक्सर, इस्त्री आणि बल्ब. दोन्ही रेघा एकाच दिशेने घसरत होत्या. मी खाली ठळक अक्षरात लिहिलं : 'शाखा चालू ठेवण्याचे कारण आढळत नाही.' हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

शेठनी दोनदा वाचलं. म्हणाले, "कागद बोलला. दिवाळीचा माल संपला की शटर खाली. उतेकरांना मी योग्य वेळी सांगीन, तू बोलू नकोस. तोवर तिथे जाऊन बस आणि मालाची यादी कर."

म्हणजे ज्या माणसाच्या दुकानाला मी टाळं लावलं होतं, त्याच्याच समोर मला महिनाभर बसायचं होतं. उमेदीची वर्षं मुंबईत दुसऱ्याच्या दुकानात काढून ते गावाकडे परत आले होते, आणि शाखा उघडली त्या दिवसापासून शटर रोज त्यांनीच वर केलं होतं. त्यांची बायको, आमची काकी, रोज माझ्यासाठी एक भाकरी जास्त पाठवायची. मी ती खायची आणि यादी करायची. घास घशाखाली उतरत नव्हता असं लिहिलं तर बरं दिसेल, पण उतरत होता. काकीची सुकटीची चटणी होतीच तशी.

त्या महिन्यात मी पहिल्यांदा भाऊंना काम करताना पाहिलं. दिवसभर माणसं यायची. घाटाच्या अंगाच्या वाड्यांमधून, बाजाराला आलेली, दवाखान्यात आलेली, एस.टी. चुकलेली. भाऊ एकेकाला तास तास समजवायचे. एकदा एक नवरा-बायको आले. बायकोला फ्रीज हवा होता, नवऱ्याला पंखाही नको होता. भाऊंनी त्याला विचारलं, "तुला गार पानी आवाडतं?" तो म्हणाला, "नाय." "तिला?" "तिला इचारलं नाय कदी." "मग इचार की, मी भाईर उभा राहतो." आणि खरंच बाहेर जाऊन उभे राहिले. आत आले तेव्हा फ्रीज ठरला होता. मी बिलबुक पुढे ओढलं, तोच भाऊ म्हणाले, "आता महाडच्या दुकानात जावा. तिथं लाल रंग हाय, हिला लालच शोभंल."

ते गेल्यावर मी जवळजवळ ओरडलेच, "भाऊ! गिऱ्हाईक हातात आलेलं!"

"अगो, महाडला घेतला तर दुकानाचा टेम्पो फुकट घरपोच नेतो. आपल्याकडना घेतला तर भाडं त्याच्या डोक्यावर. शेठचाच नियम हाय. दोन डोंगर वर ऱ्हातो तो. त्याला कशाला भुर्दंड?"

"पण विक्री महाडच्या नावावर लागते!"

"लागू दे. दुकान एकाच शेठचं हाय ना? डाव्या खिशात नाय तर उजव्या खिशात."

मी खुर्चीत बसले. ही गोष्ट माझ्या ग्राफमध्ये कुठेच नव्हती. तसंच माणसांचं. संध्याकाळी एक जुना सेल्समन कारखान्याचा गणवेश घालून पेढे द्यायला आला, तो कायम झाला होता. त्याच्याकडून कळलं की त्याला तिथला अर्ज भाऊंनीच आणून दिला, फोटो काढायला भाऊंनीच पाठवलं, आणि मुलाखतीत काय बोलायचं हे याच दुकानात, त्या दोन फ्रीजच्या मध्ये उभं करून घोटून घेतलं. मी भाऊंना विचारलं, "म्हणजे आपली माणसं तुम्हीच घालवता?"

"पोरगा येतो तेव्हा मान खाली घालून 'हूं' करतो. सा महिन्यात गिऱ्हाइकाशी बोलायला शिकतो. बोलता आलं म्हंजे झालं त्याचं. मग त्याला इथं धरून काय लोनचं घालू?"

"आणि आपलं दुकान?"

"नवा येतो ना 'हूं' करनारा."

मी महाडला परतले आणि गेल्या वर्षातली फ्रीजची बिलं काढून एकेका गिऱ्हाइकाला फोन लावायला सुरुवात केली. प्रश्न एकच : फ्रीज तुम्हाला समजावून कुणी सांगितला? सोपं काम नव्हतं. एक बाई मी 'फ्रीज' म्हणताच गरजली, "मी ओटीपी देनार नाय!" आणि फोन ठेवला. एका आजोबांना वाटलं मी फ्रीज परत न्यायला येणार आहे, ते म्हणाले, "आत मासं हायत, आज नको येऊ." एकाने मला वीस मिनिटं जावयाची तक्रार सांगितली. पण डोंगराकडच्या गावांचा नंबर लागला, की थोड्याफार फरकाने एकच उत्तर यायचं, "पोलादपूरच्या भाऊंनी. तेच म्हनले महाडला जा." आणि कारखान्यात लागलेली ती जुनी पोरं? त्यांच्या घरचं प्रत्येक यंत्र आमच्याच महाडच्या दुकानातून गेलेलं. वर शेजाऱ्यांनाही घेऊन आलेली. महाडच्या ज्या रेघेचा मला एवढा अभिमान होता, ती रेघ वर नेणारा माणूस पोलादपुरात बनियनच्या तुकड्याने टीव्ही पुसत होता.

तिसरा रिपोर्ट मी रंगांशिवाय केला. त्यात एक नवा रकाना घातला : 'कुणी समजावले'. शेठनी वाचला आणि चिडूनच म्हणाले, "मग हा माणूस इतकी वर्षं बोलला का नाही?"

मी म्हटलं, "त्यांना कुणी विचारलं नाही, शेठ. तसा रकानाच नव्हता. रकाने मी आखले होते."

हे कबूल करणं सोपं नव्हतं. वडिलांनी 'सगळे टक्के' सांगितलेली मुलगी होते मी. पण त्या एका वाक्यासाठी मला माझ्या पदवीइतकाच अभिमान आहे, हे आज सांगून टाकते.

शटर खाली आलं नाही. उलट पोलादपूरहूनही टेम्पो फुकट सुटला. मी धावत पोलादपूरला गेले आणि भाऊंना सगळं सांगून टाकलं. दुकान बंद होणार होतं, माझ्या कागदामुळे होणार होतं, मी महिनाभर तोंड मिटून तुमची भाकरी खाल्ली... भाऊ मिक्सरच्या खोक्याला सुतळी बांधत होते. म्हणाले, "ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"शेठनी मला पयल्याच दिवशी फोन केला व्हता. म्हनाले, पोरीला कळू देऊ नको मला सांगितलंय म्हनून, ती मन लावून काम करतेय."

म्हणजे मी आणि भाऊ महिनाभर एकमेकांपासून तेच लपवत होतो. मला एकदम रडू आलं. "मग तुम्ही काही बोलला का नाही? भांडायचं तरी!"

"काय भांडू? तुजं पयलं मोठं काम व्हतं. आनि खरं सांगू का बीकॉम..." त्यांनी सुतळीची गाठ दातांनी ओढली, "तुजे ते गिराप लय सुंदर व्हते. शेठनी फोनवर धाडले व्हते, मी काकीला पन दाखवले. ती म्हनाली, रांगोळीत घालायला पायजेत."

शेवटी भाऊ गेले ते कुठे दवाखान्यात खितपत पडून नाही. सकाळी आंघोळ करून, शर्टाची बटणं लावता लावता बसले ते बसलेच. काकी म्हणते, वरचं बटण राहिलं होतं, ते मग तिने लावलं. त्यांच्यानंतर शेठनी पोलादपूरची शाखा माझ्याकडे दिली. मी कॉम्प्युटर घेऊन आले. गिऱ्हाइकाला विचारायचे प्रश्न मी छापूनच घेतले आहेत. त्यातला पहिला, 'घरात माणसं किती?' त्यावरून फ्रीजचा आकार ठरतो, कंपनीच्या तक्त्यात तसं दिलेलं आहे.

मागच्या आठवड्यात वरच्या एका वाडीतली बाई एस.टी.तून उतरली. कडेवर लेकराला धरावं तसं लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी मोठं धरलं होतं. दुकानात येऊन तिने ते काउंटरवर ठेवलं आणि गुंडाळी सोडली. ॲल्युमिनियमचा भला मोठा टोप, बुडाला घासूनही न निघालेली काजळी.

मी म्हटलं, "बाई, आम्ही भांडी घेत नाही."

"इकायला नाय आनला गो. भाऊंनी सांगितलं व्हतं, फ्रीज घ्यायचा तर घरातला सगळ्यात मोठा टोप घेऊन ये. ते वारले त्ये कळलं मला. पन टोप मी घासून ठेवला व्हता, म्हनलं न्हेऊन तर बघू."

मी छापील प्रश्न विचारला. घरात माणसं किती? "दोन," ती म्हणाली. तक्त्याप्रमाणे मी तिला सगळ्यात छोटा फ्रीज दाखवला. तिने दार उघडलं, टोप आत सरकवला. अर्धा बाहेर. ती हसायला लागली. "आमी दोन, पन गनपतीला मुंबईची सगळी येतात. इरवी कोन फ्रीज उघडतंय?" मग मी, ती आणि नवा सेल्समन असे तिघं मिळून टोप घेऊन एकेका फ्रीजपाशी गेलो. मधला कप्पा काढून पाहिला, आडवा घालून पाहिला, झाकणासकट, झाकणाशिवाय. शेवटी मागच्या भिंतीला लागून असलेल्या मोठ्या फ्रीजमध्ये तो पूर्ण बसला आणि दार खट्‌कन लागलं. बाईने दाराला हात लावून एक-दोनदा उघडझाप केली, एस.टी.ची वेळ पाहिली आणि म्हणाली, "टेम्पो उद्या येनार ना? मग टोप आत ऱ्हाऊ दे. जागा धरून ठेवंल."

ती गेल्यावर नव्याने लग्न झालेलं एक जोडपं आलं. मुलीने सहज म्हणून तोच फ्रीज उघडला आणि आतला काळ्या बुडाचा टोप पाहून दचकली. मी समोरचा छापील कागद उचलला, पहिला प्रश्न वाचायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "असं कर गो, उद्या येताना घरातला सगळ्यात मोठा टोप घेऊन ये."

मुलगा ओशाळून म्हणाला, "मॅडम, टोप आईच्या ताब्यात आहेत."

"मग आईलाच घेऊन या."